ओएस राहू दे, आधी फोटो कुठे आहेत ते सांग

वाचकाचं पत्र:

ताई, घरात एक जुना लॅपटॉप पडून होता, त्याच्यावर उबंटू सर्व्हर ही लिनक्सची ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घरच्या सगळ्यांचे फोटो ठेवायला इमिच हे अ‍ॅप चालू केलं. मस्त चाललं होतं. मग हौसेनं एका ग्रुपवर सेटअप टाकला आणि विचारलं काही सुचवा. १४० कमेंट आल्या. उबंटू सर्व्हरला लावतात का, डेबियन टाक. प्रॉक्समॉक्सशिवाय (एका मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सिस्टिम) होम सर्व्हर म्हणूच नकोस. आर्च लिनक्स टाक म्हणजे काहीतरी शिकशील. लॅपटॉप फेकून दे, जुना रॅक सर्व्हर उचल. एकानं सांगितलं राउटरवर पोर्ट उघड, दुसऱ्यानं त्यालाच झापलं. चार महिन्यांत मी तीनदा फॉरमॅट मारलं, आता प्रॉक्समॉक्सवर आहे आणि त्यातलं अर्धं मला कळत नाही. ज्या मित्रानं मला लिनक्स शिकवलं त्याची पहिली कमेंट होती बॅकअप कुठे घेतोस, तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, नंतर तो म्हणाला झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) लाव, मी म्हटलं ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी मेमरी) नसताना झेडएफएस लावली तर सगळा डेटा जातो, मग वाढत गेलं आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं की दोन वर्षांपूर्वी तुझी स्वतःची डिस्क उडाली तेव्हा कुठे होतं हे ज्ञान. तेव्हापासून बोलणं बंद आहे. फोटो एका यूएसबी डिस्कवर आहेत, फोन भरले म्हणून फोनमधून काढून टाकलेत. तर आता सांग, कुठली ओएस बरोबर, आणि असल्या वादांत पडावं की नाही?

उत्तर:

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या आधीच्या वाक्यावर येऊन अडकले. फोटो एका यूएसबी डिस्कवर, फोनमधून काढलेले. म्हणजे आज ह्या घडीला तुझ्या घरच्यांच्या सगळ्या फोटोंची एकच प्रत आहे आणि ती अशा मशीनला लावलेली आहे जे तू चार महिन्यांत तीनदा पुसलंयस. इन्स्टॉलर विचारतो कुठली डिस्क फॉरमॅट करू, तिथे एसडीए की एसडीबी ह्यात एका अक्षराची चूक झाली की खेळ खल्लास, आणि ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, काल जी एसडीबी होती ती आज एसडीए असू शकते. तीनदा वाचलास. चौथ्यांदा वाचशीलच असं मला वाटत नाही म्हणून आधी हे कर, माझं उत्तर वाचणं थांबव, एक दुसरी डिस्क शोध, ती नसेल तर घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर जागा असेल तिथे, आणि फोटो कॉपी करायला लाव. नीट फोल्डर वगैरे लावत बसू नकोस, जसं आहे तसं सगळं. कॉपी चालू झाली की परत इथे ये.

लागली? आता बोलू.

१४० कमेंटमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुझ्या मित्राचा होता आणि तो पहिलाच होता, आणि तेवढ्याच प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. मी तुला दोष देत नाहीये, हे सगळीकडे असंच होतं आणि का होतं ते कळणं तुझ्यासाठी गरजेचं आहे. १९९९ साली फ्रीबीएसडी ह्या ओएसच्या लोकांमध्ये एक वाद झाला, स्लीप नावाची साधी कमांड आहे, सांगितले तेवढे सेकंद थांबते, तिला अर्धा सेकंद पाव सेकंद असे अपूर्णांक चालावेत की नाही ह्यावर ईमेलचा पूर आला. तेव्हा त्यांच्यातल्या पॉल-हेनिंग कॅम्पनं एक लांबलचक ईमेल लिहिली आणि जुनं उदाहरण दिलं, अणुभट्टीचा प्लॅन समितीपुढे आला तर तो काही मिनिटांत पास होतो कारण तो कुणालाच नीट कळत नाही आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कुणीतरी तपासला असेल, पण सायकली ठेवायच्या शेडवर तासन्तास चर्चा होते कारण शेड सगळ्यांना कळते आणि प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी घालायचं असतं. तेव्हापासून असल्या वादाला बाइकशेड म्हणायची पद्धत प्रोग्रामर लोकांत पडली. तुझ्या पोस्टवर तेच झालं. उबंटू की डेबियन ह्यावर मत द्यायला दहा सेकंद लागतात आणि प्रत्येकानं दोन्हीपैकी एक तरी लावलेलं असतं. पण तुझे फोटो परत कसे आणायचे हे सांगायला तुझं घर, तुझी डिस्क, तुझं नेट, तू किती वेळ देऊ शकतोस हे सगळं विचारावं लागतं, तेवढा दम कुणाकडे नसतो. तुझ्या मित्राकडे होता.

आता बॅकअप, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण ह्यात माझे स्वतःचे हात पोळलेत. माझ्याकडे बरीच वर्षं आरसिंक होतं, रोज रात्री मुख्य डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर, आणि त्याला डिलीटचा ऑप्शन लावलेला, म्हणजे इथून काढलेलं तिथूनही निघावं, दोन्हीकडे सारखं राहावं. मला वाटायचं हा बॅकअप आहे. एका रात्री मुख्य डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही, तिचं फोल्डर तिथे होतं पण रिकामं, आरसिंकनं बघितलं की इथे काहीच नाही आणि सांगितल्याप्रमाणे तिकडचंही सगळं काढून टाकलं. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती, सगळं यशस्वी. मुख्य डिस्क नंतर सुरू झाली म्हणून माझे बहुतेक फोटो परत मिळाले पण शेवटच्या भागात जे खराब सेक्टर होते त्यात एका वर्षाचे बरेचसे गेले, ते गेले ते गेलेच. तेव्हापासून कुणी मला सांगितलं की माझ्याकडे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) आहे, मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) आहे, सिंक आहे, की माझा आवाज चढतो, हे मला माहितीये. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, तेवढंच त्याचं काम. तू चुकून डिलीट मारलंस तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी निघतं.

आणि हे फक्त घरी होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब ह्या कंपनीत एक इंजिनीअर रात्री उशिरा डेटाबेसची कॉपी दुरुस्त करत होता, दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर पुसायचं होतं आणि पुसलं गेलं मुख्य सर्व्हरवरचं, कळेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. रोजचा डेटाबेस डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) बघायला गेले तर तो गप्पपणे फेल होत होता कारण पोस्टग्रेस ह्या डेटाबेसची चुकीची व्हर्जन वापरली जात होती, आणि फेल झाल्याचं सांगणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी कुणीतरी टेस्टिंगसाठी म्हणून सहा तास आधी हातानं एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यानं वाचवलं. त्यांनी हे सगळं झाकून न ठेवता जगासमोर लिहिलं ह्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे, कारण त्यातून लाखो लोकांना कळलं की परत आणून बघितल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणता येत नाही.

तर तू काय करायचं. तीन प्रती, निदान दोन वेगवेगळ्या साधनांवर साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर. हा ३-२-१ नियम लोक घोकतात म्हणून कंटाळवाणा वाटतो पण तो बरोबर आहे. पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरी आता कॉपी होतेय ती, आणि ती डिस्क कॉपीनंतर काढून कपाटात ठेवायची, लावून ठेवायची नाही, कारण लावलेली डिस्क चुकीच्या कमांडला, विजेच्या झटक्याला आणि रॅन्समवेअरला सगळ्यांनाच सापडते. तिसरी घराबाहेर, तिचं मी शेवटी सांगते. सॉफ्टवेअर म्हणून रेस्टिक किंवा बोर्ग घे, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही जुन्या तारखांच्या प्रती ठेवतात, म्हणजे मागच्या महिन्यात चुकून काढलेला फोटोही मिळतो, आणि रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करूनच ठेवतं. पासवर्ड मात्र कागदावर लिही आणि कागद सर्व्हरपासून लांब ठेव, पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कुणीच उघडू शकत नाही. अजून एक, इमिचचे फोटो फोल्डरमध्ये असतात पण अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं, तेव्हा डेटाबेसचा डंपही बॅकअपमध्ये गेला पाहिजे, चालू डेटाबेसचं फोल्डर तसंच उचलून कॉपी करू नकोस, ती कॉपी अर्धवट निघू शकते.

ओएस. माझं मत विचारशील तर घरच्या सर्व्हरला डेबियन स्टेबल, ईएक्सटी फोर ही साधी फाइल सिस्टिम, वर डॉकर (इमिचसारखी अ‍ॅप वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर), विषय संपला. मला ते आवडतं कारण महिनोन्महिने काही बदलत नाही आणि मला माझ्या संध्याकाळी परत मिळतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून तो खणत गेला आणि सापडलं, तेव्हा ती बिघडलेली व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल ह्या अजून तपासणीतल्या आवृत्त्यांमध्ये पोचली होती, स्टेबलमध्ये नाही. जुनं वापरतात म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्यांचा त्या दिवशी काही तोटा झाला नाही.

पण थांब. हे माझं मत झालं, माझ्या घरासाठी, आणि ते ऐकून तू चौथ्यांदा फॉरमॅट मारावास असं मला अजिबात वाटत नाही. तू सुरुवातीला उबंटूवर होतास, ते चालत होतं, तुला कळत होतं. उबंटूच्या एलटीएसला (लांब टिकणाऱ्या आवृत्तीला) पाच वर्षं अपडेट मिळतात, डेबियन स्टेबललाही एलटीएस धरून पाचच. दोन्हीत सॉफ्टवेअर टाकायला एपीटी, दोन्हीत सर्व्हिस चालवायला सिस्टमडी, ज्या कमांड तुला येतात त्यातल्या जवळजवळ सगळ्या दोन्हीकडे चालतात. लोक उबंटूवर चिडतात त्यातलं खरं कारण बहुतेक वेळा स्नॅप (उबंटूची सॉफ्टवेअर टाकायची स्वतःची पद्धत) असतं, आणि त्यात तथ्यही आहे, इन्स्टॉल करतानाच यादीतून डॉकर निवडलं तर ते स्नॅपमधून येतं आणि त्याला होम फोल्डरच्या बाहेरचं सहसा दिसत नाही, मग बाहेरच्या डिस्कवरचे फोटो इमिचला का सापडत नाहीत म्हणून माणूस दोन दिवस डोकं आपटतो. उपाय सोपा आहे, डॉकर त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून टाक. एवढ्यासाठी ओएस बदलायची गरज नव्हती, पण उबंटू बकवास आहे असं लिहिणाऱ्यानं हे एक वाक्य लिहिलं असतं तर तुझे चार महिने वाचले असते.

प्रॉक्समॉक्स वाईट नाहीये, उलट फार चांगलं आहे, ज्याला पाच व्हर्च्युअल मशीन चालवायच्यात, मोडायच्यात, परत उभ्या करायच्यात त्याच्यासाठी. तुला एक इमिच चालवायचंय. जे रात्री अकरा वाजता बंद पडलं आणि घरचे विचारायला लागले की फोटो का दिसत नाहीत, तर कुठल्या लॉगमध्ये बघायचं हे तुला माहीत असेल, ती तुझी ओएस. आज ती उबंटू आहे. दोन्ही प्रती झाल्या, त्यातून फोटो उघडून बघितले, आणि यूएसबी डिस्कची वायर हातानं काढून बाजूला ठेवली, की मगच उबंटू एलटीएस परत टाक आणि निदान एक वर्ष हात लावू नकोस. आर्च टाकायचीच हौस असेल तर रोजच्या कॉम्प्युटरवर टाक, तिथे शिकायला खरंच मजा आहे, पण जी ओएस सतत बदलते तिला सतत लक्ष द्यावं लागतं आणि घरच्यांच्या फोटोंवर तो प्रयोग नको.

लॅपटॉप फेकू नकोस. साधं गणित करून बघ, वर्षाचे ८७६० तास, जुना लॅपटॉप नुसता चालू असताना १० वॅटच्या आसपास घेतो असं धर, तर वर्षाला ८७.६ युनिट, आणि जुना रॅक सर्व्हर १०० वॅट घेत असेल तर ८७६. वर त्याच्या पंख्यांचा आवाज अख्ख्या घराला. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणजे लाइट गेली तरी तो लगेच पडत नाही, पण कायम चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगू शकते, तेव्हा चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लाव आणि महिन्यातून एकदा उलटा करून बघ, टचपॅड वर आलेला किंवा बूड फुगलेलं दिसलं तर बॅटरी त्याच दिवशी काढायची. झाकण मिटल्यावर झोपू नये हे सिस्टमडीच्या लॉगइनडी ह्या भागाच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. बास.

पोर्टबद्दल ज्यानं झापलं त्याचं बरोबर होतं, त्याची भाषा सोड. राउटरवर पोर्ट उघडून इमिच थेट नेटवर ठेवलंस तर काही वेळातच कुठलेतरी बॉट त्याचं दार वाजवायला लागतात. वायरगार्ड हा व्हीपीएन (घरात शिरायचा खासगी रस्ता) लाव, तो २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच (ओएसच्या गाभ्यात) आहे, किंवा टेलस्केल, जे आतून वायरगार्डच वापरतं आणि सेटअपला सोपं आहे. बाहेरून फोटो बघायला तेवढं पुरतं.

आता ज्यावरून वाजलं ते झेडएफएस आणि ईसीसी. ईसीसी नसेल तर झेडएफएस सगळा डेटा खाते हे तू कुठेतरी वाचलंस आणि तसंच पुढे ढकललंस. त्यामागची भीती अशी आहे की झेडएफएस अधूनमधून स्क्रब करते, म्हणजे प्रत्येक ब्लॉक वाचून त्याचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का बघते, जुळला नाही तर दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते, मग रॅमच खराब असेल तर चांगल्या ब्लॉकलाही ती खराब समजेल आणि दुरुस्तीच्या नावाखाली सगळं नासवेल. ऐकायला पटतं. पण चांगल्या ब्लॉकवर चुकीचा डेटा लिहायचा तर आधी त्या चुकीच्या डेटाचा चेकसम बरोबर जुळायला लागेल, आणि तसं योगायोगानं होणं जवळपास अशक्य आहे. झेडएफएस ज्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बनवली त्यातला एक मॅथ्यू आरेन्स, त्यानं स्वतः सांगितलंय की बाकी फाइल सिस्टिमपेक्षा झेडएफएसला ईसीसीची जास्त गरज आहे असं काही नाही. आणि त्याच दमात त्यानं हेही म्हटलंय की डेटावर प्रेम असेल तर ईसीसीही वापरा आणि चेकसमवाली फाइल सिस्टिमही. म्हणजे ईसीसी चांगलीच, पण ती नाही म्हणून झेडएफएस लावू नका हे त्यातून निघत नाही.

ह्या मुद्द्यावर तुझा मित्र तुझ्यापेक्षा बरोबर होता. पण तुझ्या सेटअपला मी तरीही झेडएफएस सांगणार नाही, आणि कारण वेगळंय, तुझ्याकडे एकच डिस्क आहे आणि तीही यूएसबीवर. एका डिस्कवर झेडएफएस तुला सांगेल की हा फोटो सडलाय, पण दुरुस्त करायला तिच्याकडे दुसरी प्रतच नसेल, आणि यूएसबीची वायर हलली की डिस्क मध्येच गायब होते ते झेडएफएसला झेपत नाही. उद्या दोन डिस्क आत बसतील असं मशीन आलं तर त्याचं ऐक.

बघितलंस ना काय झालं ते? एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या घरात खरी. ग्रुपवर लोक स्वतःचं घर सांगत नाहीत, नुसतं उत्तर सांगतात, आणि तेही असं की जणू सगळ्यांना लागू आहे. मला विचारशील तर जोरात बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे काहीतरी गेलेलं असतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा मिरर शब्द ऐकला की माझा आवाज चढतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हटलं की अमुक वापरणारे मूर्ख आहेत तर त्याला एवढंच विचार, तुझं काय गेलं होतं, कशावर चालत होतं, परत कसं आणलंस. ज्याच्यावर खरंच वेळ आलीय तो सांगायला लागतो आणि त्याच्या चार ओळींत तुला सगळ्या पोस्टपेक्षा जास्त मिळतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो गप्प होतो किंवा अजून चिडतो, त्याला सोडून द्यायचं.

वादांत पडावं का? पड, खुशाल पड. मला ह्या वादांबद्दल माया आहे आणि मी त्यातूनच शिकलेय. २०२० च्या एप्रिलमधलं बघ. वेस्टर्न डिजिटलच्या रेड नावाच्या डिस्क (इथे रेड म्हणजे लाल, मघाचं रेड नाही), ज्या नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल साठवणाऱ्या पेटीसाठी म्हणूनच विकल्या जायच्या, त्यातल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये कंपनीनं न सांगता एसएमआर तंत्र घातलं होतं. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, एक बदलायची तर शेजारच्याही परत लिहाव्या लागतात, त्यामुळे जुनी डिस्क काढून नवी घातली आणि सगळा डेटा तिच्यावर परत भरायला लागला की ती दमायची, एरर द्यायची, झेडएफएस तिला बाहेर काढायची. सुरुवातीला लोकांना वाटलं आपलीच डिस्क खराब. मग वापरणाऱ्यांनी एकमेकांशी बोलताना मॉडेल नंबर टाकले, लॉग टाकले, किती तास लागले ते आकडे टाकले, जुळवून बघितलं, बातमी झाली आणि कंपनीला कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे ती यादी जाहीर करावी लागली. हेही ग्रुपवरचे वादच होते. फक्त त्यात लोक मॉडेल नंबर घेऊन आले होते.

म्हणून तू पोस्ट टाकशील तेव्हा काही सुचवा असं मोकळं सोडू नकोस, ते म्हणजे गर्दीला आपल्या घरात बोलावणं झालं. मशीन कुठलं, काय चालवायचंय, किती जण वापरणार, नेमकं काय अडतंय, लॉगच्या शेवटच्या वीस ओळी, आणि कुठली गोष्ट बदलणार नाहीये ते पहिल्याच ओळीत लिही. आणि स्वतःला एक बंधन घालून घे, कमेंट वाचल्यापासून सात दिवस सर्व्हरला हात नाही. फारच खाज सुटली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून बघ. माझ्या अनुभवात सात दिवसांनी निम्म्या सूचना आठवतसुद्धा नाहीत.

राहिला मित्र. तुला एक जुनी गोष्ट सांगते. २९ जानेवारी १९९२ ला अँड्र्यू टॅनेनबॉम ह्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रोफेसरांनी मिनिक्सच्या चर्चागटात लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. मिनिक्स ही ओएस त्यांचीच, शिकवायला बनवलेली, आणि लिनस टॉरव्हाल्ड्सनं लिनक्स त्याच्यावरच बसून सुरू केलेली. मायक्रोकर्नल (अगदी छोटा गाभा, बाकी कामं त्याच्या बाहेर) हेच भविष्य, एकसंध कर्नल म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं, असं त्यांचं म्हणणं. लिनस तेव्हा २२ वर्षांचा, त्यानं त्याच भरात घणाघाती उत्तर लिहिलं, प्रोफेसर म्हणून तुमचं काम काय वगैरे. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गटात, सगळ्यांसमोर, माफी मागितली की मी सभ्यपणा सोडून लिहिलं. मुद्दा मात्र सोडला नाही. पुढे काय झालं बघ, २००४ मध्ये एका लेखकानं आरोप केला की लिनसनं एवढं मोठं काम एकट्यानं करणं शक्य नाही, त्यानं मिनिक्समधून चोरलं असणार, तेव्हा टॅनेनबॉमनी स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर लिहिलं की नाही, लिनक्स लिनसनंच लिहिलीय. मायक्रोकर्नलबद्दलचं त्यांचं मत तेव्हाही तेच होतं. आणि २०१७ च्या नोव्हेंबरात जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर होते, त्याच महिन्यात टॅनेनबॉम इंटेलला उघड पत्र लिहीत होते, कारण इंटेलच्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये मिनिक्स वापरलीय हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. कोण जिंकलं ते तू ठरव, मला तर दोघांचंही चाललेलं दिसतं.

तू मित्राच्या मताला चूक म्हणालास ते ठीक होतं, तुला तो हक्क आहे. पण तू त्याची गेलेली डिस्क काढलीस. त्याचं जे गेलं होतं त्याच्यामुळेच तर त्यानं तुला पहिला प्रश्न तो विचारला, बॅकअप कुठे घेतोस. तुझे फोटो जाऊ नयेत म्हणून तो विचारत होता आणि तू तेच त्याच्या तोंडावर मारलंस, सगळ्यांसमोर. त्यामुळे माफीही सगळ्यांसमोर, त्याच पोस्टखाली, कारण नसताना लांबवू नकोस, डिस्कबद्दल बोललो ते चूक होतं, ईसीसीबद्दलही मी नीट न वाचता बोललो, एवढं पुरे. पण, तरी, त्या दिवशी मी, हे शब्द त्यात नकोत.

आणि मग त्याला वेगळा मेसेज कर. त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, ते दे. लिही की बॅकअप नव्हता, आज पहिली कॉपी केली, आणि घराबाहेरची प्रत ठेवायला जागा हवीय, तुझ्याकडे एक डिस्क ठेवू का. रेस्टिक एन्क्रिप्ट करतं म्हणजे तुझे फोटो त्याला दिसणार नाहीत, त्याचे तुला दिसणार नाहीत, तुझी डिस्क त्याच्याकडे आणि त्याची तुझ्याकडे, जोडायला टेलस्केल. सेटअप झाला की पहिल्या रविवारी दोघांनी फोनवर बसून एकमेकांच्या डिस्कवरून वीस वीस फोटो परत आणा, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, आणि एकेक उघडून बघा. त्यातला एक जरी उघडला नाही तरी मला परत लिही, एरर जशी आली तशी कॉपी करून.